तुमचा कप सरळच होता, अण्णा

अण्णा,

आपल्या शेडवाल्यांच्या संघाच्या ग्रुपवर मेसेज आला. ‘उद्या सकाळी अकरा वाजता सभागृहात सभा. विषय एक, शोकप्रस्ताव. विषय दोन, गेटसमोर ट्रक लावण्याबाबत.’ त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. विषय एक म्हणजे तुम्ही. मी चष्मा काढून ठेवला, शेडमध्ये गेलो आणि चालू लेथ मशीन उगाचच बंद करून पुन्हा चालू केलं.

थोड्या वेळानं अध्यक्षांचा फोन. मुलगा चांगला आहे, तुमच्या धाकट्याच्या वयाचा. म्हणाला, “काका, उद्या तुम्ही तीन मिनिटं बोला. अण्णांना तुम्ही बऱ्यापैकी ओळखत होता ना?” बऱ्यापैकी! बावीस वर्षं रोज सकाळी साडेनऊला मी तुमचं तोंड बघितलंय, आमच्या बायकोचं बघायच्या आधी म्हटलं तरी चालेल, कारण ती तेव्हा देवळात असायची. पण त्याला काय सांगणार? “बोलतो,” म्हणालो.

त्या सभेत काय झालं ते शेवटी सांगतो. आधी जे तुमच्या तोंडावर बोलायचं राहून गेलं ते.

नेसरीला, तुमच्या गावी, मातीला आलो होतो. तुमच्यात माणसाला बसवूनच पुरतात, तसं तुम्हाला बसवलं होतं, कपाळभर भस्म, गळ्यात हार. हनुवटी जराशी वर. शेवंतामावशीच्या चहाच्या गाड्यावर बसायचात तसेच. झोपवलेला माणूस गेलेला वाटतो, बसलेल्या माणसाशी बोलावंसं वाटतं. मला तर वाटलं, तुम्ही आता म्हणणार, “काय मिस्त्री, आलास व्हय एकदाचा?” दोन वर्षं मी तुमच्या दारात आलो नव्हतो, आणि आलो तो असा. गर्दीच्या पलीकडे आपल्या शेडच्या रांगेतला तुकाराम उभा होता. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही मान फिरवली. इतका एकटा मी माणसांत कधी उभा राहिलो नव्हतो.

आपली सुरुवात काही मैत्रीनं झाली नव्हती, अण्णा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका रांगेत चार शेड. पहिल्यात रहीमभाई, ज्यावरून ओतकामाचा साचा पाडतात ते लाकडाचे पॅटर्न करणारे. दुसऱ्यात तुमची ओतकामाची भट्टी. तिसऱ्यात शाहूवाडीचा तुकाराम, ओतून आलेल्या मालाचे ओबडधोबड काठ घासून साफ करणारा. चौथ्यात मी आणि माझे दोन लेथ. एकच वस्तू चार शेडमधून फिरून पुरी व्हायची आणि ती करणारे आपण चौघं एकमेकांशी बोलत नव्हतो. मग एकदा पंपाचा अख्खा माल परत आला. माल घेणाऱ्या पार्टीचा माणूस एकेका दारात उभा राहून चौघांनाही शिव्या देऊन गेला. रहीमभाई म्हणाले, ओतकामातच खोट. तुम्ही म्हणालात, पॅटर्नच वाकडा. मी सगळं तुकारामावर ढकललं. का, तर तो आपल्यात सगळ्यात गरीब होता आणि उलट बोलत नव्हता. हे मी आज पहिल्यांदा लिहून ठेवतोय.

भांडत भांडत आपण मावशीच्या गाड्यापर्यंत पोचलो. तिथं तुम्ही एकाएकी थांबलात. “ए, शिव्या चौघांनी खाल्ल्या न्हवं? मग च्या बी चौघांनी पिऊया की. मावशी, चार.”

झालं. एवढ्यावर गट झाला. नाव नाही, पाटी नाही. पण दुसऱ्या दिवशी साडेनऊला तुम्ही गाड्यावर होता आणि मीही काही काम नसताना तिकडं आलो. महिनाभरात रहीमभाई पॅटर्नला हात घालायच्या आधी मला विचारायला लागले, “मिस्त्री, हा जॉब लेथवर तुम्ही धरणार कुठं? तेवढी जागा ठेवतो.” तुम्ही तुकारामाला विचारायला लागलात, काठ कुठं जास्त येतात. माल परत यायचा थांबला. लोक म्हणायचे, या चौघांकडे काहीतरी नवीन मशीन आलंय. आपल्याकडे काय आलं होतं? चार कप आणि चार बशा.

आणि तो नियम. तो रहीमभाईंमुळे पडला. त्या माणसाला तोंडानं नाही म्हणता येत नव्हतं. एका पार्टीचं काम घ्यायचं का यावर आपण तिघं तावातावानं बोलत होतो आणि त्यांनी काही न बोलता रिकामा कप बशीत पालथा घातला. तुम्ही ते बघितलंत. म्हणालात, “रहीमभाईच्या मनात न्हाय. सोडा त्यो विषय. आणि का म्हणून कुणी इचारायचं न्हाय. इचारलं की माणूस कायबाय कारण बनवून सांगतो.” तेव्हापासून कप पालथा पडला की विषय बंद. चौघांपैकी एकाचा जरी पडला तरी. आज मी मोठमोठ्या सभा बघतो, हात वर होतात, मोजले जातात, हरणारे मनात धरून घरी जातात. आपल्याकडे कुणी हरलंच नाही कधी.

एकदा मात्र फजिती झाली. चांगलं वर्षभराचं काम येत होतं, सगळे खुशीत, आणि तुकारामानं चहा अर्धा असतानाच कप पालथा घातला. सगळी बशी भरली. नियम म्हणजे नियम. काम सोडलं. आणि पुढं सहा महिन्यांनी बोलता बोलता तो म्हणाला, “ते काम आपण का सोडलं रं?” “तूच की कप घातलास पालथा!” “मी? आरं, माशी पडली हुती त्यात!” तुम्ही बाकड्यावरून खाली बसलात हसत हसत. मावशी म्हणाली, “येड्याचा बाजार हाय नुसता.” रहीमभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं काम गेलं आणि एकालाही वाईट वाटलं नाही. वर्षानुवर्षं कुणी गंभीर तोंड करून बसला की आपण एवढंच विचारायचो, “माशी पडली काय?”

माझ्या हातून ते बोअर, मालातली आतली भोकं, मोठे झाले होते, आठवतंय? माझी चूक, सरळ सरळ. मापात घोळ केला आणि पंचवीस नग भंगारात. पार्टीचा माणूस दारात आला तेव्हा माझं तोंड एवढंसं झालं होतं. तुम्ही हात पुसत आलात आणि म्हणालात, “पावणं, आमच्याकडंच ओतताना खोट ऱ्हायली. परवा नवा माल घ्या.” दोन दिवस तुम्ही भट्टीपासून हलला नाहीत. मी काही बोलायला गेलो तर, “जा, लेथ नीट लाव,” एवढंच. त्याचे आभार मी मानले नाहीत, आपल्यात तशी पद्धतच नव्हती. आज मानतो. ऐकायला तुम्ही नाही, म्हणून जमतंय.

मग पुरानं हायवे बंद पडला. शिरोलीपासून ट्रकांच्या रांगा, ड्रायव्हर उपाशी, कुणी तमिळ बोलतोय, कुणी पंजाबी. आपण चौघांनी तुमच्या शेडमध्ये चूल मांडली. साच्यांची वाळू चाळायची जागा धुऊन तिथं भात शिजवला. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या रांगेतले दोघं आले, तिसऱ्या दिवशी वीस-बावीस. कुणाला कुणी बोलावलं नव्हतं. एकानं सरपण आणलं, एकानं जनरेटर ओढत आणला. ज्यांची आपसांत टक्कर होती ते एका कढईला धरून उभे होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही हायवेच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभे राहून मला म्हणालात, “मिस्त्री, असं कायम पायजे मर्दा.”

तेच वाक्य मी उचललं. मला वाटलं, अण्णांना संघ काढायचाय.

पाणी ओसरलं तशी ती वीस-बावीस माणसं सकाळी गाड्यावर यायला लागली. मावशीच्या बशा पुरेनात. कुणी म्हणालं, रजिस्टर करूया. कुणी म्हणालं, निवडणूक घेऊ, सभागृह बांधू. मी उत्साहानं बोलत होतो, कारण मला वाटत होतं की तुमच्या मनातलं बोलतोय. खरं सांगायचं तर मला ते नको होतं. साडेनऊचा चहा जाणार, हे मला तेव्हाच दिसत होतं. म्हणून ठरलं, आधी आपण चौघांनी बसायचं आणि मग लोकांना सांगायचं.

त्या सकाळी चौघांचे चहा पिऊन झाले. मी विषय मांडला. रहीमभाईंनी कप बशीत ठेवला, सरळ. तुकारामानं ठेवला, सरळ. तुमचा कप तुमच्या हातात होता. मी तुमच्या हाताकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, अण्णा, घाला पालथा. तुम्ही घातलात तर मी सुटलो. तुम्ही कितीतरी वेळ तो धरून बसलात, माझ्याकडे बघितलंत आणि सरळ ठेवलात. मग मीही ठेवला.

संघ झाला. पहिला अध्यक्ष मी. संघानं वाईट केलं असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणणार नाही. आपल्या रस्त्यांवर दिवे आले. वाळू एकत्र घ्यायला लागल्यावर लहान शेडवाल्यांची फरपट थांबली. कामाला येणाऱ्या बायकांसाठी बस सुरू झाली, आणि लेथवर पहिली मुलगी उभी राहिली ती संघानं भरवलेल्या वर्गातून आली. आपण चौघं शंभर वर्षं चहा पीत बसलो असतो तरी एवढं झालं नसतं. पण सभेत चहा यायचा तो चर्चा संपल्यावर, आणि कागदी कपात. तुम्ही शेवटच्या रांगेत बसायचात. मी व्यासपीठावरून तुम्हाला शोधायचो, सापडलात की बरं वाटायचं.

मग सभासदत्वाचा तो नियम आला. स्वतःचा प्लॉट असेल तोच सभासद. भाड्याच्या शेडवाले आज आहेत, उद्या नाहीत, त्यांना मत कशाला, असं बहुतेकांचं म्हणणं. आणि तुकारामाची शेड भाड्याची. तुम्ही शेवटच्या रांगेतून उठलात. सभेत तुम्ही बोललेलं ते पहिलं आणि शेवटचं. “अध्यक्ष, एक इचारतो. तुकारामानं बसायचं कुठं?”

अध्यक्ष म्हणालात मला. मिस्त्री नाही.

मला तुमचा राग आला. सगळ्यांसमोर मला अडचणीत आणलंत असं वाटलं. मी माईकमध्ये म्हणालो, “नियम सगळ्यांना सारखाच राहील.” कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तुकाराम उठला, खुर्ची नीट जागेवर लावली आणि गेला. त्याच्या मागोमाग तुम्ही. पुन्हा एकदा मी सगळं तुकारामावरच ढकललं होतं, फक्त या वेळी माझ्यासमोर माईक होता.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी गाड्यावर गेलो. रहीमभाई त्याआधीच्या वर्षी गेले होते. मी एकटाच. मावशीनं सवयीनं तीन कप काढले, माझ्याकडे बघितलं आणि दोन परत ठेवले. आठवडाभर मी जात राहिलो, मग मीही बंद केलं. तुकारामानं पावसाळ्याआधी शेड रिकामी केली आणि गावी जाऊन भातशेती धरली. तुम्ही भट्टी पोरांच्या हातात दिलीत. माझ्या मुलीच्या लग्नाला आलात, अक्षता टाकल्यात, जेवलात. हात धुताना आपण शेजारी शेजारी उभे होतो. तुम्ही विचारलंत, “वाळू कशी येतीया हल्ली?” मी म्हणालो, “बरी येते.” तेवढंच. तिथंच तुमचा हात धरायचा होता. मी नॅपकिन शोधत बसलो.

आता जे सांगतो त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय. तुमच्या दिवसकार्याला आलो तेव्हा गौराक्कांनी मला आत बोलावलं. तुमच्या माघारीही त्या मला तम्माच म्हणतात, धाकटा भाऊ. म्हणाल्या, “तम्मा, एक सांगू? तुमच्या त्या संघाचं ह्यांच्या मनात कधीच नव्हतं बघ. त्या दिवशी घरला आले ते जेवलेच न्हाईत. म्हणाले, मिस्त्री कप पालथा घालंल म्हणून त्याच्याकडं बघत बसलोतो. त्यानं न्हाय घातला. त्याची येवढी हौस हाय, तर मी कशाला मोडू?”

अण्णा, मी तुमच्या कपाकडे बघत होतो हो!

घरी येताना गडहिंग्लजच्या पुढं मी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ तशीच उभी ठेवली. रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. तुमचा, माझा, आपल्या त्या शहाण्या नियमाचा. कारण विचारायचं नाही, हे ठीक होतं. पण ‘तुमच्या मनात काय आहे’ एवढं विचारायला कुणी बंदी घातली होती? एकमेकांचं मन राखता राखता आपण दोघांनी मिळून जे दोघांनाही नको होतं ते केलं. आणि त्यात तिसराच माणूस बाहेर गेला. रहीमभाईंच्या मनात तरी होतं का? तेही आपल्याकडेच बघत असतील का? आता कुणाला विचारू?

तर ती सभा. मी तीन मिनिटं बोललो. कष्टाळू, मनमिळाऊ, असलं काहीबाही. मनमिळाऊ! तुम्ही! पहिल्या रांगेतल्या कुणाच्याही चेहऱ्यावर हसू आलं नाही, तेव्हा कळलं की या सभागृहात तुम्हाला ओळखणारं कुणी नाही. दोन मिनिटं उभं राहून झालं. चहा फिरला. मग अध्यक्षांनी ठराव वाचला, की संघाचे संस्थापक म्हणून अण्णांची तसबीर सभागृहात लावण्यात यावी. पोराचा हेतू चांगला होता. पण संस्थापक, अण्णा! ज्या संघापायी तुम्ही जेवला नाहीत, त्याचे!

मी कागदी कप रिकामा केला आणि टेबलावर पालथा घातला. मग वाट बघत बसलो. कशाची ते मलाही सांगता येणार नाही. चहावाला लगबगीनं आला. “काका, सांडला काय? दुसरा देतो की.” त्यानं पालथा कप उचलला आणि नवा भरून सरळ ठेवला. अध्यक्ष म्हणत होते, “सर्वानुमते मंजूर?” तेव्हा मी उठलो.

“माझा विरोध हाय.”

सगळे वळून बघायला लागले. अध्यक्ष गोंधळला. “काका, कारण सांगता का? इतिवृत्तात लिहावं लागेल.”

“आमच्यात कारण इचारत न्हाईत,” मी म्हणालो.

कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बसा काका. आम्ही समजू शकतो.” एक विरोध वगळता ठराव मंजूर झाला. मग विषय दोन. तुमच्यासाठी बारा मिनिटं लागली होती, ट्रकांसाठी पाऊण तास लागला. तसबीर लागेल, अण्णा. मला थांबवता आलं नाही. तुमची हनुवटी वर असलेला फोटो द्या, एवढं तुमच्या धाकट्याला सांगितलंय.

बाहेर आलो. मावशीचा गाडा कधीच गेलाय, तिथं आता मोटरसायकली लावतात. गाड्याच्या चाकाखाली लावायचा दगड तेवढा पडून आहे. त्यावर बसलो आणि तुकारामाचा नंबर लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. रेंज येत-जात होती, पाठीमागं भाताच्या मळणीचा आवाज.

“तुकाराम, मी मिस्त्री.”

“बोल की.”

“अण्णांचा फोटो लावायला निघाल्यात. संस्थापक म्हणून. मी कप पालथा घातला.”

मग मळणीचा आवाज कमी झाला, तो बाजूला गेला असावा.

“माशी पडली हुती काय रं?”

मला हसू फुटलं. तिकडेही तसंच काही झालं असावं.

“न्हाय,” मी म्हणालो. “तुझ्या टायमाला घालायचा हुता. तवा न्हाय घातला.”



“बरं,” तुकाराम म्हणाला. “मग विषय बंद.”

आणि त्यानं कारण विचारलं नाही.